चवथीला अंगणातला कुटुंबाचा फोटो: मिडियम फॉरमॅट फिल्मविषयी एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

गोव्यातील फोंडा तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यंदाच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी चौदा माणसे एकत्र येणार आहेत. त्यांत ऐंशी ओलांडलेली आजी आहे आणि दोन वर्षांचे एक मूलही आहे. घर चिरेबंदी, पुढे ओसरी, पायऱ्या, अंगण आणि तुळस. दिवंगत काकांचा याशिका मॅट १२४जी हा कॅमेरा कपाटात आहे. घराबाहेर, नैसर्गिक प्रकाशात, फिल्मवर एक चांगला कुटुंबाचा फोटो काढावा अशी इच्छा आहे. मात्र इंटरनेटवर पाहिलेल्या फोटोंतील मागची सुंदर धूसरता याशिकावर मिळेल की त्यासाठी पेंटॅक्स ६७ किंवा मामिया ६४५ विकत घ्यावा, फिल्म कोणती घालावी आणि हा सगळा खटाटोप करण्याजोगा आहे का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

काकांचा कॅमेरा चालू स्थितीत असेल तर नवा घेऊ नका. ज्या धूसरतेसाठी आपण दुसरा कॅमेरा घेऊ पाहत आहात, ती चौदा माणसांच्या फोटोत मिळवायचीच नसते. मिडियम फॉरमॅटची, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या निगेटिव्हच्या रोल फिल्मची, ओळख हल्ली पार्श्वभूमी विरघळवून टाकणारा प्रकार अशी झाली आहे, आणि एकट्या माणसाच्या फोटोपुरती ती खरीही आहे. कुटुंबाच्या फोटोत मात्र या मोठ्या निगेटिव्हचा उपयोग नेमका उलटा आहे: आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती आणि मागच्या रांगेतल्या भाच्याच्या भुवईचा केस, दोन्ही सारख्याच स्पष्टतेने टिपणे.

हे आकड्यांत पाहू. चौदा माणसे दोन रांगांत बसवली आणि उभी केली की गटाची रुंदी साधारण साडेतीन मीटर होते. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर ही रुंदी ३६ मिमीत बसवली तर १५ सेंटिमीटर रुंदीचा चेहरा निगेटिव्हवर जेमतेम दीड मिलिमीटरचा होतो. याशिकाच्या ६×६ (सेंटिमीटर) चौरस फ्रेमची प्रत्यक्ष रुंदी ५६ मिमी असते, त्यामुळे तोच चेहरा २.४ मिमीचा होतो. क्षेत्रफळाने पाहिले तर जवळजवळ अडीचपट. पेंटॅक्स ६७च्या ६९ मिमी रुंद फ्रेमवर तो तीन मिलिमीटरच्या आसपास जातो. एकट्या माणसाच्या क्लोजअपमध्ये ३५ मिमी आणि १२० (मिडियम फॉरमॅटची रुंद) फिल्म यांतला फरक पुष्कळदा शोधावा लागतो; गटाच्या फोटोत मात्र तो प्रत्येक चेहऱ्यावर दिसतो, कारण तिथे दाण्याशी झगडणारी गोष्ट म्हणजे एवढासा डोळा असतो. खटाटोप करण्याजोगा आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर या हिशेबात आहे. फोटो फक्त मोबाइलच्या पडद्यावर फिरवायचा असेल तर मोबाइलच पुरे. भिंतीवर लावायची वीस इंची प्रिंट हवी असेल तर हा खटाटोप जरूर करावा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी कॅमेरा विकत घेणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. गटाचा फोटो आडवा असतो. चौरस फ्रेममध्ये तो काढला तर वरचे आणि खालचे पट्टे कापलेच जातात, आणि उरते ते ६४५ (६×४.५ सेंटिमीटर) एवढेच क्षेत्र. म्हणजे आडव्या गटासाठी ६×६ आणि ६४५ या दोन्हींत चेहऱ्याचा आकार अगदी सारखा येतो, फक्त ६४५ला एका रोलवर बाराऐवजी पंधरा किंवा सोळा फ्रेम्स मिळतात. चौरसाचा खरा फायदा घर, पायऱ्या, तुळस आणि वरचे कौलारू छप्पर हे सगळे फोटोत हवे असेल तेव्हा. आपल्या वर्णनावरून तसे ते हवे असावे, म्हणूनही याशिका योग्यच.

आता धूसरतेचा हिशेब. याशिकाचा ८० मिमी लेन्स पाच मीटरवर फोकस केला आणि ॲपर्चर (लेन्समधली प्रकाशाची वाट; एफचा आकडा मोठा तेवढी ती लहान) एफ/३.५ म्हणजे पूर्ण उघडे ठेवले, तर पुस्तकी हिशेबाने साधारण ४.४ पासून ५.८ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट दिसते. पण हा पुस्तकी हिशेब लहान प्रिंट हातभर अंतरावरून पाहण्यासाठी आहे; भिंतीवरची मोठी प्रिंट लोक नाक लावून पाहतात आणि कुटुंबाच्या फोटोत तर प्रत्येक जण आपला चेहरा तसाच शोधतो. म्हणून मी त्यातले निम्मेच अंतर भरवशाचे धरतो, आणि ते सत्तर सेंटिमीटर भरते. खुर्चीवर बसलेल्या आजीचे डोळे आणि तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्यांचे डोळे यांतच तेवढे अंतर सहज असते. पेंटॅक्स ६७चा नावाजलेला १०५ मिमी एफ/२.४ लेन्स पूर्ण उघडून हाच गट टिपला तर पुस्तकी हिशेबानेही हाती जेमतेम पाऊण मीटर लागतो. याउलट याशिका एफ/८वर ठेवला तर ३.८ ते ७.३ मीटरपर्यंतची पट्टी मिळते आणि तिचे निम्मे केले तरी दोन रांगा निवांत बसतात. चौदा माणसांसाठी एफ/८ हा आपला ठरलेला ॲपर्चर समजा. प्रकाश भरपूर असला तर एफ/११. आजी आणि पणतू असा दोघांचाच फोटो नंतर काढाल तेव्हा एफ/४वर येऊन मागची तुळस हवी तितकी मऊ करा.

याशिकाविषयी काही गोष्टी आधीच तपासून घ्या. या कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालण्यासाठी बनवलेला होता. ती बॅटरी आता मिळत नाही आणि दीड व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातली की मीटर चुकीचे वाचतो, म्हणून तो नाहीच असे धरून चालावे. हा कॅमेरा १२० आणि २२० (त्याच रुंदीचा, पण दुप्पट लांब) अशा दोन्ही रोलसाठी आहे. पाठीमागची, फिल्म सपाट दाबून धरणारी प्रेशर प्लेट १२०च्या, म्हणजे बारा फ्रेम्सच्या स्थितीत आहे याची खात्री करा, कारण २२०चे रोल आता दुकानात सहसा मिळत नाहीत आणि प्लेट चुकीच्या स्थितीत असली तर फोकस आणि फ्रेम्सचा हिशेब दोन्ही बिघडतात. लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून बुरशीचे जाळे आहे का ते पाहा. आपल्या दमट हवेत वर्षानुवर्षे कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये ते सापडले तर आश्चर्य नाही. कडेला थोडी बुरशी असेल तर फोटोवर फारसा परिणाम होत नाही, मधोमध दाट असेल तर साफ करून घ्यावी लागेल. शटर एक सेकंदापासून १/५००पर्यंत प्रत्येक वेगावर चालवून ऐका. हळू वेग अडखळत असतील तर तेल सुकलेले आहे, पण आपल्याला लागणारे १/६० आणि १/१२५ हे वेग बरोबर असले तर फोटोपुरते भागते. सेल्फ टायमरच्या दांडीला मात्र हात लावू नका. जुन्या शटरमध्ये ती अडकली की सारे शटरच अडकते. आपल्यालाही फोटोत यायचे असेल तर लांब नळीचा, रबरी फुगा दाबून चालणारा रिलीज घ्या किंवा शेजाऱ्यांना बोलवा. आणि चवथीच्या निदान महिनाभर आधी एक संपूर्ण रोल काढून, धुऊन, तपासून पाहा. त्याशिवाय कॅमेरा चालू आहे असे म्हणता येत नाही.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्याचा एक गुण कुटुंबाच्या फोटोत फार मोलाचा आहे. एसएलआर (फोटोच्याच लेन्समधून आरशाने पाहायच्या) कॅमेऱ्यात नेमक्या फोटोच्या क्षणी आरसा वर जातो आणि फोटोग्राफरला काहीच दिसत नाही. हॅसलब्लाड ५०० मालिकेत तर रोल पुढे सरकवेपर्यंत फाइंडर काळाच राहतो. याशिकात पाहण्याची लेन्स वेगळी असल्याने फोटो निघताना कुणाचे डोळे मिटले हे आपल्याला दिसते. शिवाय त्याचे शटर लेन्समध्येच असल्याने आवाज आणि हादरा दोन्ही नगण्य असतात. पेंटॅक्स ६७ हातात धरून काढलेले गटाचे फोटो मला तरी कधी पूर्ण भरवशाचे वाटले नाहीत. त्याचा आरसा आणि पडद्याचे शटर दोन्ही जड आहेत. त्यावर फ्लॅशही १/३० सेकंदापेक्षा वेगात जुळत नाही, याशिकात तो १/५००लाही जुळतो. मामिया ६४५ हा चांगला, भरवशाचा कॅमेरा आहे आणि पुढे-मागे घ्यावासा वाटला तर तोच घ्या, पण या एका फोटोसाठी नको.

आता प्रकाशाकडे येऊ, कारण फोटो खरा तिथेच ठरतो. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात असे वर्षातून दोनदा दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि चवथीच्या दिवसांतही तो डोक्यापासून फारसा ढळलेला नसतो. अशा प्रकाशात भुवयांखाली काळे खड्डे पडतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. डिसेंबरात हाच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ५१ अंशांच्या वर जात नाही, म्हणून नाताळच्या सुट्टीत काढलेले बाहेरचे फोटो विशेष काही न करता बरे येतात. चवथीला ती सोय नाही. पण दुसरी आहे. ढग असतात. पावसाळी ढगांचे आवरण म्हणजे आकाशभर पसरलेला एकच मऊ दिवा, आणि त्याचा एकमेव दोष असा की तोही वरूनच येतो. हा वरचा प्रकाश अडवून समोरचा तेवढा घेणे हेच आपले काम, आणि आपल्या घराची ओसरी ते आयतेच करून देते.

माणसांना उघड्या अंगणात उभे करू नका आणि ओसरीच्या आत खोलवरही नेऊ नका. वळचणीच्या रेषेच्या हातभर आत, पायऱ्यांवर आणि पायऱ्यांच्या वरच्या कडेला त्यांना बसवा, तोंडे अंगणाकडे. छप्पर वरचा प्रकाश कापते, समोरचे मोकळे आकाश चेहऱ्यावर आणि डोळ्यांत उतरते, आणि पायऱ्यांमुळे रांगांच्या उंचीचा प्रश्न निम्मा सुटतो. पाऊस आला तरी माणसे भिजत नाहीत. कॅमेऱ्यावर छत्री धरायला एक जण पुरतो. ओसरीत एक मीटर आत गेलात तर प्रकाश झपाट्याने उतरतो, म्हणून ही हातभराची रेषा काटेकोर पाळा.

रंगीत फिल्म वापरणार असाल तर चेहऱ्यावर कोणता रंग उसळतो ते पाहा. आपल्याकडे ही अडचण इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. माडापोफळीखाली किंवा कुळागरात उभ्या केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हिरवी झाक येते, आणि गव्हाळ त्वचेवर ती आजारी दिसते. पावसाळ्यात तर चहूकडे हिरवेच असते. जांभ्या दगडाचे कोरडे अंगण हनुवटीखाली तांबूस प्रकाश फेकते, तो थोडा असला तर उबदार वाटतो, जास्त झाला तर गळा भाजल्यासारखा दिसतो. गडद निळ्या किंवा पिवळ्या रंगात रंगवलेल्या भिंतीजवळ उभ्या असलेल्याचा एक गाल त्या रंगाचा होतो. यावर उपाय साधा आहे: पायऱ्यांपुढे, फ्रेमच्या बाहेर, जमिनीवर दोन पांढऱ्या चादरी पसरा. खालून येणारा प्रकाश स्वच्छ होतो आणि भुवयांखालची सावलीही उजळते. पांढऱ्या थर्माकोलची मोठी पाटी कुणी धरून उभे राहिले तरी चालते. चांदीचा चकचकीत रिफ्लेक्टर गटासाठी नको; लहान मुले डोळे बारीक करतात आणि मोठी माणसे ते लपवायचा प्रयत्न करतात, जे जास्त वाईट दिसते.

वेळ कोणती, हा प्रश्न चवथीच्या घरात केवळ प्रकाशाचा नसतो. चवथीच्या दिवशी पूजा, नैवेद्य आणि पंगती यांत घरातल्या बायका एका वेळी अंगणात येणे जवळजवळ अशक्य, आणि त्यांना घाईने बाहेर बोलावून काढलेल्या फोटोत ती घाई दिसते. नव्याच्या पंचमीची, म्हणजे चवथीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ, साडेआठ ते साडेनऊ, मला सर्वांत योग्य वाटते. दुसरा पर्याय दुपारच्या चहानंतरचा, साडेचार ते साडेपाच. त्या दिवसांत सूर्यास्त साडेसहा-पावणेसातच्या सुमारास होतो, म्हणून प्रकाश पुरेसा असतो. दीड दिवसाचा गणपती असेल तर पंचमीच्या संध्याकाळी विसर्जनाची तयारी असते, तेव्हा सकाळच ठरवा. जेवणानंतरची वेळ टाळा. घर पश्चिमाभिमुख असेल तर संध्याकाळी ढग फाटून ऊन सरळ चेहऱ्यावर येऊ शकते, तेव्हाही सकाळच बरी.

नातेवाइकांपैकी कुणीतरी मिरामारच्या किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर जाऊन फोटो काढू असे सुचवणार हे धरून चाला. पावसाळ्यात खवळलेला समुद्र, वारा आणि खारे तुषार यांत चौदा माणसे, ऐंशी वर्षांची आजी आणि जुना कॅमेरा नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. डिसेंबरात, सूर्य बुडाल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत, वाळूचा उजेड चेहऱ्यावर सुरेख पडतो. पण तो वेगळा फोटो झाला.

फिल्मची निवड लवकर संपते. रंगीत हवी असेल तर कोडॅक पोर्ट्रा ४००. त्वचेचे रंग ती सौम्य ठेवते आणि एक्स्पोजर थोडे जास्त झाले तरी निभावून नेते. खर्च कमी ठेवायचा असेल तर कोडॅक गोल्ड २००, जी १२० आकारात २०२२पासून मिळू लागली. तिचा पिवळसर कल ढगाळ, निळसर प्रकाशात उलट सोयीचा पडतो, पण वेगाचा एक स्टॉप हातचा जातो, म्हणजे प्रकाश दुप्पट लागतो. एक्टार १०० निसर्गदृश्यांसाठी ठेवा. तिच्यावर त्वचा लालसर येते आणि जांभ्याच्या अंगणात ती लाली आणखी वाढते. स्लाइड फिल्मला एक्स्पोजरची चूक खपत नाही, म्हणून ती या कामाला नको. कृष्णधवल हवी असेल आणि घरी धुण्याची तयारी असेल तर इलफर्ड एचपी५ प्लस ४००. आपल्या घराचा, तुळशीचा आणि आजीच्या चेहऱ्याचा फोटो कृष्णधवल असावा असे माझे खासगी मत आहे, पण चवथीच्या दिवसांतल्या रेशमी साड्यांचे रंग गेले म्हणून घरात जो वाद होईल त्याची जबाबदारी माझ्यावर नको.

पोर्ट्रा किंवा एचपी५, दोन्हींवर मीटरमध्ये फिल्मचा वेग (आयएसओ) ४००ऐवजी २०० ठेवा. निगेटिव्ह फिल्म प्रकाश कमी पडला तर सावल्यांतला तपशील कायमचा गमावते, जास्त पडला तर तो छपाईत किंवा स्कॅनमध्ये आटोक्यात आणता येतो. आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ त्वचेला, काळ्या केसांना आणि गडद साड्यांना हा एक स्टॉपचा आधार हवाच असतो. मोजणी चेहऱ्यापाशी उभे राहून, हातात धरायच्या मीटरचा पांढरा गोलक कॅमेऱ्याकडे करून, पडणाऱ्या प्रकाशाची करावी. तसा मीटर नसेल तर मोबाइलमधील लाइट मीटरचे ॲप चालेल, पण ते वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजते. पांढरी धोतरे, सदरे आणि चुन्याची भिंत समोर असली की ते फसते आणि चेहरे काळवंडतात. म्हणून ॲप घेऊन जवळ जा आणि फक्त एका गव्हाळ चेहऱ्यावर किंवा आपल्याच तळहातावर मोजा. तळहात चेहऱ्यापेक्षा उजळ असतो, तेव्हा तळहाताच्या मोजणीत एक स्टॉप वाढवा. पडताळ्यासाठी आकडे सांगतो: ढगाळ दिवशी मोकळ्या जागेत २०० वेगाला एफ/८ आणि १/१२५ च्या आसपास एक्स्पोजर येते, वळचणीखाली एफ/८ आणि १/६०. आपली मोजणी यापासून दोन-तीन स्टॉप दूर असेल तर काहीतरी चुकते आहे असे समजा. घरात डिजिटल कॅमेरा असेल तर तोच २०० आयएसओवर ठेवून, हेच आकडे लावून एक फोटो काढून पाहावा. फिल्मच्या दिवसांत स्टुडिओवाले पोलरॉइडवर हीच तपासणी करत. १/६० ला ट्रायपॉड आणि केबल रिलीज हवाच. ओल्या, शेवाळलेल्या चिऱ्यांवर ट्रायपॉडचे पाय आणि खुर्च्या दोन्ही घसरतात, तेव्हा जागा आदल्या दिवशी घासून घ्या.

माणसे बसवताना एक रूढ सल्ला मिळतो की गट किंचित अर्धवर्तुळाकार करावा, म्हणजे सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील. तो येथे पाळू नका. चांगल्या लेन्सचा फोकस कॅमेऱ्याला समांतर अशा सपाट पातळीवर असतो, वर्तुळावर नव्हे. रांगा सरळ ठेवल्या तरच कडेची माणसे स्पष्ट येतात. खुर्च्यांची पाठ आणि मागची रांग यांत अंतर ठेवू नका, मागच्यांनी हात खुर्चीवर टेकवून थोडे पुढे झुकावे, म्हणजे दोन रांगांतले डोळ्यांचे अंतर निम्म्यावर येते. आजी मधोमध, तिच्या कडेला वयाने जवळची माणसे, दोन वर्षांचे मूल कुणाच्या तरी मांडीवर. मूल जमिनीवर मोकळे सोडले की ते १/६०ला धूसर होणारच. फोकस पुढच्या रांगेतील डोळ्यांवर करून अगदी किंचित मागे घ्या, कारण फोकसची पट्टी पुढच्यापेक्षा मागच्या बाजूला जास्त पसरते. कॅमेरा कमरेवरून पाहायचा असला तरी ट्रायपॉड बसलेल्यांच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर, छातीच्या उंचीला ठेवा. फार खालून पाहिले तर मागच्यांच्या नाकपुड्या दिसतात. फाइंडरमधले चित्र डावे-उजवे उलटे दिसते, त्यामुळे “काका, थोडे उजवीकडे” असे सांगताना गोंधळ होतो. नावाने आणि हाताने खूण करून सांगावे.

मग प्रश्न येतो बारा फ्रेम्सचा. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी गटात कुणाचेही डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो काढावेत याचा हिशेब मांडला आणि त्यांना २००६ साली गमतीदार संशोधनासाठीचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा ठोकताळा असा की वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या प्रकाशात माणसांच्या संख्येला तीनने भागावे आणि वाईट प्रकाशात दोनने. पारितोषिक गमतीचे असले तरी ठोकताळा कामाचा आहे. चौदा माणसांना पाच फ्रेम्स, ढग दाट असले तर सात. म्हणजे एका रोलमध्ये गटाचा फोटो निर्धास्त होतो आणि उरलेल्या पाच ते सात फ्रेम्सवर आजी आणि पणतू, भावंडे, सुना अशी लहान जुळणी करता येते. दुसरा रोल जवळ असू द्या, पण तो मनातून वगळा. आधी मोठा गट, मग बाकीचे; मुलांचा धीर सुटण्याआधी सगळे एकत्र असतानाचे काम उरकले पाहिजे. याशिकात फोटो निघताना समोरचे दिसत असल्याने मिटलेले डोळे मोजत जा आणि सगळे उघडे असलेल्या दोन फ्रेम्स मिळाल्या की पुढे चला. ट्रायपॉडवर सारे ठरवून झाले की फाइंडरमध्ये पाहणे सोडा, कॅमेऱ्याशेजारी उभे राहा, मिटलेले डोळे तिथूनच मोजा आणि माणसांशी बोला. फाइंडरमध्ये मान घातलेल्या माणसाकडे पाहून कुणी मोकळे हसत नाही.

पावसाळी दमटपणाविषयी थोडे. रोल फ्रिजमध्ये ठेवले असतील तर बंद वेष्टनासह बाहेर काढून निदान दोन तास तसेच राहू द्या; थंड रोल लगेच उघडला की हवेतील बाष्प त्यावर जमते आणि पाठीच्या कागदावरचे आकडे किंवा डाग फिल्मवर उमटू शकतात. लेन्सही एसीच्या खोलीतून थेट अंगणात आणली तर धुरकट होते, ती आधीच ओसरीत आणून ठेवा. रोल भरताना सावलीत बसा, कागद ताणून घट्ट ठेवा आणि बाण खुणेशी जुळल्यावरच झाकण लावा. फोटो झाल्यावर रोल सैल सुटू न देता चिकटपट्टी लावून काळ्या डबीत टाका. सैल गुंडाळलेल्या रोलच्या कडांतून प्रकाश शिरतो आणि नेमक्या कडेच्या माणसांवर पांढरे पट्टे येतात.

रंगीत रोल सी-४१ प्रक्रियेने धुवावा लागतो. त्यात डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला सव्वातीन मिनिटे चालतो आणि तापमान अर्धा अंश ढळले तरी रंग हलतात, म्हणून तो सतत हेच काम करणाऱ्या लॅबकडेच द्यावा. जवळ तशी लॅब नसेल तर बाहेरगावी पाठवा, मात्र चवथीनंतर विमानाने परतणाऱ्या नातेवाइकाच्या चेक-इन बॅगेत तो मुळीच घालू नका. तिथली एक्स-रे यंत्रे न धुतलेल्या फिल्मला डाग पाडतात. हातातल्या बॅगेत ठेवून, यंत्रात न घालता हाताने तपासण्याची विनंती दाबोळीला किंवा मोपाला करावी. ती मान्य होईलच असे नाही, तेव्हा रेल्वेने किंवा बसने जाणारे कुणी असेल तर रोल त्यांच्याकडेच द्या. कृष्णधवल रोल घरी धुताना आपल्या नळाचे पाणीच पंचवीस-तीस अंशांचे असते हे विसरू नका. एचपी५ला आयडी-११ डेव्हलपर समभाग पाण्यात मिसळून २० अंशांना १३ मिनिटे लागतात. २४ अंशांना हा वेळ सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. बर्फाच्या पिशवीने पाणी २४पर्यंत आणले तर वेळ पुरेसा लांब राहतो आणि डेव्हलपिंग समान होते. तीस अंशांवर चार-पाच मिनिटांत काम उरकण्याच्या फंदात पडू नका; आकाशात आणि पांढऱ्या भिंतीवर पट्टे दिसतील.

स्कॅन निदान २४०० डीपीआयचा (दर इंचाला २४०० ठिपके) मागा. ६×६ फ्रेमचा तो साधारण ५,३०० पिक्सेल रुंद आणि तेवढाच उंच येतो, म्हणजे ३०० डीपीआयने साडेसतरा इंची प्रिंट कोणतीही ओढाताण न करता निघते आणि वीस इंचीही व्यवस्थित निघते. लॅबला दोन गोष्टी लिहून कळवा: स्कॅनमध्ये धार वाढवू नये, आणि त्वचा उजळ करू नये. ही दुसरी सूचना न दिल्यास सावळी माणसे परस्पर गोरी होऊन येतात, आणि आजीला ओळखणारे सगळे तो फोटो बाजूला ठेवतात. स्कॅन मिळाल्यावरही निगेटिव्ह परत मागून घ्या, कापून आम्लरहित कागदी किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घाला, पाकिटावर वर्ष आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहा, आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. ते जेल पावसाळ्यात दर महिन्याला तव्यावर कोरडे करून परत घालावे लागते.